चुकांची वही: ऑनलाइन बुद्धिबळात पुढं सरकायचंय त्यांच्यासाठी

रोज रात्री जेवण झालं की फोनवर चार-पाच डाव. जिंकलो की आणखी एक, हरलो की 'हा शेवटचा' म्हणत आणखी तीन. असं मी दोन वर्षं खेळलो. हजारावर डाव झाले असतील, पण रेटिंग, म्हणजे खेळाच्या ताकदीचा आकडा, अकराशेच्या आसपास जे अडकलं ते अडकलंच. मग ओळखीच्या एका प्रशिक्षकांकडे गेलो. त्यांनी माझे शेवटचे दहा हरलेले डाव मागितले, माझ्यासमोर बसून एकेक पाहिले आणि प्रत्येक चुकीपाशी थांबून एवढंच विचारलं, "ही खेळी करताना तुमच्या मनात काय होतं?" दहापैकी आठ ठिकाणी मला काहीच सांगता आलं नाही. खेळी माझीच होती, पण तिच्यामागचा विचार मला आठवत नव्हता. बऱ्याचदा तो विचार केलेलाच नव्हता.

चूक कुठं झाली हे आज फोनमधलं इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम, क्षणात दाखवतं. ती का झाली हे त्याला माहीत नसतं, कारण तुमच्या डोक्यात काय चाललं होतं ते त्याला दिसत नाही. त्यामुळं तो अर्धा भाग तुम्हालाच भरावा लागतो. हा लेख त्या अर्ध्या भागाबद्दल आहे. सोंगट्या कशा चालतात, किल्लेकोट कसा करतात एवढं ज्यांना येतं, ऑनलाइन थोडे डाव खेळून झालेत आणि आता गाडी पुढं जात नाहीये, अशांसाठी.

पहिली पायरी: खातं एक, घड्याळ मोठं

आपल्याकडे बहुतेक जण लिचेस किंवा चेस डॉट कॉम या संकेतस्थळांपैकी एकावर खेळतात. लिचेस थिबो द्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रामरनं २०१० मध्ये सुरू केलं. ते देणग्यांवर चालतं, त्यावर जाहिराती नाहीत, आणि डावांचं विश्लेषण, कोडी, सराव असं सगळं फुकट आहे. चेस डॉट कॉम २००७ पासून आहे. तिथं गर्दी जास्त असते, समोर खेळाडू चटकन मिळतो, पण फुकट खात्यावर डावांचं परीक्षण आणि कोडी मोजूनमापून मिळतात. कुठंही खेळा, पण एकाच ठिकाणी खेळा. चाळीस डाव एका जागी साठले तरच त्यातून आपल्या खेळाची सवय दिसते.

दोन्हीकडची रेटिंग एकमेकांशी जुळवू नका. लिचेस नव्या खात्याची सुरुवात १५०० पासून करतं, त्यामुळं तिथले आकडे वरचे दिसतात. मित्र तिकडे तेराशे आणि तुम्ही इकडे हजार, यावरून कोण चांगलं खेळतं ते ठरत नाही.

आता घड्याळ. १५+१० निवडा, म्हणजे प्रत्येकाला पंधरा मिनिटं आणि दर खेळीला दहा सेकंद वाढीव. चाळीस खेळ्यांचा डाव झाला तरी जास्तीत जास्त पाऊण तासात आटपतो. तीन मिनिटांचा ब्लिट्झ मजेचा असतो, मीही लोकलमध्ये उभ्याउभ्या खेळायचो. पण त्यात बोटं चालतात, डोकं मागं राहतं. डाव संपल्यावर 'मी इथं काय विचार केला होता?' असं विचाराल तर उत्तर सापडणार नाही. ज्या डावात विचारच झाला नाही त्यातून तपासणार काय? म्हणून शिकण्याचे डाव मोठ्या घड्याळाचे ठेवा. ब्लिट्झ खेळायचाच असेल तर तो वहीत घेऊ नका.

दुसरी पायरी: इंजिनच्या आधी वही

डाव संपला की हात आपोआप विश्लेषणाच्या बटणाकडे जातो. तिथं थांबा. एक साधी शंभर पानी वही आणि पेन जवळ घ्या. इंजिन बंद ठेवून डाव पहिल्या खेळीपासून पुन्हा पाहा, दहा-पंधरा मिनिटं पुरतात. तारीख, आपली मोहरी पांढरी की काळी, समोरच्याचं रेटिंग एवढं लिहा आणि तीन जागा निवडा: मी सगळ्यात जास्त वेळ कुठं घेतला, समोरच्याच्या कुठल्या खेळीनं मी दचकलो, आणि डाव कुठं उलटला असं मला वाटतं. प्रत्येक जागेपुढं एक-दोन ओळी लिहा: मी काय पाहिलं होतं, काय होईल असं धरलं होतं.

हे लिहिताना सुशोभित करू नका. 'राजाच्या बाजूनं आक्रमणाची योजना' असं लिहिण्यापेक्षा 'प्यादं फुकट दिसलं, उचललं' असं लिहा, कारण खरं तेच असतं.

माझ्या वहीतलं एक पान दाखवतो. (अक्षर म्हणजे पटावरची उभी रांग, म्हणजे फाइल, आणि आकडा म्हणजे आडवी रांग.) मी पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळत होतो. ई४, ई५. घोडा एफ३, घोडा सी६. मी उंट सी४ वर आणला. इथपर्यंत लाखो डावांत होतं तेच. समोरच्यानं तिसऱ्या खेळीला सी६ चा घोडा उचलून डी४ वर ठेवला. आता ई५ चं प्यादं राखणारा घोडाच उठून गेला होता आणि प्यादं उघडं पडलं होतं. मी चौथ्या खेळीला एफ३ च्या घोड्यानं ते मारलं. काळ्याचा वजीर जी५ वर आला. पाचव्या खेळीला मी त्याच घोड्यानं एफ७ चं प्यादं मारलं. मोठ्या खुशीत मारलं, कारण तिथून घोडा जी५ च्या वजिरावरही होता आणि एच८ च्या हत्तीवरही.

मग काय झालं? वजिरानं जी२ चं प्यादं मारलं. माझा कोपऱ्यातला हत्ती धोक्यात आला, म्हणून मी तो एफ१ वर सरकवला. वजिरानं ई४ चं प्यादं मारून शह दिला. मी मध्ये ई२ वर उंट आणला. आणि डी४ चा घोडा एफ३ वर आला. मात. सात खेळ्यांत डाव खल्लास. ई२ चा उंट त्या घोड्याला मारू शकत नव्हता, कारण उंट हलला की वजिराचा शह उघडा पडत होता. जी२ चं प्यादं असतं तर त्यानं घोडा मारला असता, पण ते आधीच गेलं होतं. राजाच्या चहूबाजूंना माझ्याच सोंगट्या उभ्या होत्या.

इंजिन लावण्याआधी मी वहीत लिहिलं: 'पाचवी खेळी. वजीर आणि हत्ती दोघांवर हल्ला दिसला. वजीर पळणार, मग मी हत्ती घेणार असं धरलं. जी२ कडे पाहिलंच नाही.'

मग इंजिन लावलं. त्यानं पाचव्या खेळीपुढं दोन प्रश्नचिन्हं काढली. बुद्धिबळात याला आपल्याकडे घोडचूकच म्हणतात, आणि इथं ती घोड्याचीच होती. इंजिनच्या मते तिथं उंटानं एफ७ मारून शह द्यायला हवा होता. घोडा जातो, पण बदल्यात दोन प्यादी मिळतात, काळ्या राजाला किल्लेकोट करता येत नाही आणि डाव लढता राहतो. त्याहून सोपं म्हणजे चौथ्या खेळीला ई५ च्या प्याद्याला हात न लावता घोड्यानं डी४ चा घोडाच मारून टाकायचा.

आता या एका डावातून दोन धडे निघतात. इंजिनचा धडा: या मांडणीत उंटानं मारायचं. वहीचा धडा: माझी धमकी मला दिसली की समोरच्याची धमकी मला दिसेनाशी होते. पहिला धडा हीच मांडणी पुन्हा आली तर कामाला येईल. दुसरा उद्याच्याच डावात लागेल. वीसेक डावांनंतर मी पानं उलटली तेव्हा निम्म्याहून जास्त चुका याच जातीच्या निघाल्या. ओपनिंग (डावाची सुरुवात) वेगळी, सोंगट्या वेगळ्या, पण वाक्य तेच: 'तिकडे पाहिलंच नाही.'

तिसरी पायरी: इंजिनला विचारायचं कसं

१९९७ मध्ये आयबीएमच्या डीप ब्लूनं तेव्हाचा जगज्जेता गॅरी कास्पारोव्हला हरवलं तेव्हा त्यासाठी खास संगणक लागला होता. आज खिशातल्या फोनवरचं स्टॉकफिश हे इंजिन कुठल्याही जगज्जेत्यापेक्षा बलवान आहे. त्यामुळं त्याच्या उत्तरावर वाद घालण्यात अर्थ नसतो. पण त्याचं सगळंच ऐकायचं नसतं.

आकड्यांपासून सुरू करू. अधिक चिन्ह म्हणजे पांढऱ्याची बाजू वर, उणे म्हणजे काळ्याची. एक म्हणजे साधारण एका प्याद्याइतका फायदा. अधिक ०.४ वरून उणे ०.३ वर गेलं तर नवख्यानं त्याकडे पाहूही नये, त्यातला फरक समजायला वर्षं लागतात. अधिक ०.५ वरून उणे ३ वर गेलं तर थांबायचं, तिथं तुमची सोंगटी गेली आहे किंवा जाणार आहे. उलट अधिक ९ वरून अधिक ५ वर आलं तर इंजिन कुरकुरेल, तुम्ही सोडून द्या, डाव तेव्हाही तुमचाच होता. एका डावात दोन-तीन मोठे झोके असतात. तेवढेच घ्या.

अचूकतेची टक्केवारी दाखवतात तिच्या नादी लागू नका. समोरचा दहाव्या खेळीत वजीर सोडून बसला तर तुमची अचूकता नव्वदच्या वर सहज जाते, आणि कठीण डावात झुंजून बरोबरी साधली तर सत्तरवर येते. काही पालक मुलांची ही टक्केवारी शाळेच्या गुणांसारखी विचारतात. कळकळीनं सांगतो, असं करू नका. मूल अवघड डाव टाळायला लागतं.

इंजिननं सुचवलेली खेळी पाहून 'हं, बरोबर' म्हणत पुढं जाणं ही सगळ्यात मोठी फसगत. तुमच्या मनात दुसरीच खेळी होती ना? मग तीच विश्लेषणाच्या पटावर खेळा आणि इंजिन तिला काय उत्तर देतं ते पाहा. 'माझं काय चुकलं' याचं उत्तर त्या खेळीत मिळतं. ते वहीत उतरवा, तुमच्या ओळीच्या खाली, वेगळ्या शाईनं. मी माझं निळ्यानं आणि इंजिनचं लाल पेननं लिहितो.

लिचेसवर संगणकी विश्लेषण झालं की 'चुकांमधून शिका' अशा अर्थाचं एक बटण येतं. ते तुम्हाला प्रत्येक चुकीच्या आधीच्या पटावर नेऊन ठेवतं आणि आता बरी खेळी शोधा म्हणतं. चांगली सोय आहे. वहीचं काम झाल्यावर वापरा.

चौथी पायरी: चुकांची खाती

दहा डाव लिहून झाले की दुकानदार जशी खाती पाडतो तशा चुकांना नावं द्या. नावं स्वतःची असू द्या, पुस्तकी नको. माझी अशी आहेत: 'फुकट सोडलं', 'तिकडे पाहिलं नाही', 'घड्याळ', 'जिंकतोय म्हणून सैल' आणि 'काय करावं कळेना'. प्रत्येक चूक एका खात्यात टाका आणि महिन्यानं मोजा. ज्या खात्यात सर्वांत जास्त चुका, त्याच्यावरच पुढचा महिना काम. बाकीची खाती तोवर तशीच राहू देत. सगळं एकदम सुधारायला निघालं की काहीच सुधारत नाही, हे मी करून पाहिलंय.

'फुकट सोडलं' म्हणजे सरळसरळ राखण नसलेली सोंगटी समोरच्याच्या माऱ्यात ठेवणं. नवख्यांचं हेच खातं आधी भरतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. उपाय यांत्रिक आहे: खेळी ठरली की ती न करता एक श्वास घ्यायचा आणि ती झाल्यावरचा पट डोळ्यासमोर आणून समोरच्याचे सगळे शह आणि सगळ्या मारामाऱ्या पाहायच्या. लिचेसच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खेळी पक्की करायला आणखी एक टिचकी मागण्याची सोय आहे. ती सुरू करा. दोन महिने वैताग येईल, पण त्या अर्ध्या सेकंदात कितीतरी हत्ती वाचतील.

'तिकडे पाहिलं नाही' हे माझं मोठं खातं. त्यासाठी मी चार शब्दांचा प्रश्न ठरवून घेतला आणि वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिला: काय सोडलं, काय धरलं? समोरच्यानं कुठलीही सोंगटी हलवली की तिनं एक जागा सोडलेली असते आणि दुसरं काहीतरी धरलेलं असतं. वरच्या डावात घोडा डी४ वर गेला तेव्हा त्यानं ई५ चं प्यादं सोडलं हे मला लगेच दिसलं. त्यानं काय धरलं हे मी विचारलं नाही. वजीर जी५ वर आला तेव्हाही तेच. त्यानं माझा घोडा धरला होता हे कळलं, जी२ धरलं होतं हे नाही. नवख्यांना 'सोडलं' पटकन दिसतं, कारण त्यात आपला फायदा असतो. 'धरलं' पाहायची सवय लावून घ्यावी लागते.

'घड्याळ' खात्यात वेळ कमी पडल्याच्या चुका असतात असं वाटेल, पण माझ्या वहीत उलटं निघालं. पंधरा मिनिटांच्या डावात मी हरलो तेव्हा माझ्या घड्याळात अकरा मिनिटं शिल्लक होती, असं एकदा नव्हे, पुनःपुन्हा. डाव संपल्यावर प्रत्येक खेळीला किती वेळ गेला त्याचा आलेख दिसतो. तुमची घोडचूक कितव्या सेकंदाला झाली ते बघा. तीन सेकंदांत झाली असेल तर कोडी सोडवून ती सुटणार नाही.

'जिंकतोय म्हणून सैल' फार दुखतं. हत्ती वर असतो, मन डावातून उठून गेलेलं असतं, आणि समोरचा आता जीव तोडून खेळत असतो. इथं मी एकच नियम पाळतो: वर असलो की अदलाबदल करायची. एका हत्तीनं पुढं असलो तर बाकीच्या सोंगट्या एकास एक कापत न्यायच्या, म्हणजे शेवटी पटावर माझा हत्ती उरतो आणि त्याचं काही नाही. यानंतर अंतिम डाव, म्हणजे मोजक्याच सोंगट्या उरल्यावरचा खेळ, खेळता यायला हवा. त्याकडे येतोच.

पाचवी पायरी: कोडी, पण खात्याला धरून

रोज पंधरा मिनिटं कोडी सोडवा. पहिली खेळी सुचली की टिचकी मारू नका, शेवटपर्यंतचे सगळे फाटे मनात पाहा, मगच. वेळेशी शर्यत लावणारे कोड्यांचे खेळ आता नकोत. लिचेसवर कोडी विषयवार मिळतात: दुहेरी हल्ला, पिन (सोंगटी जागेवर खिळवणं), दोन खेळ्यांत मात, वगैरे. तुम्ही कुठल्या विषयात कच्चे आहात त्याचा तक्ताही मिळतो. वहीतलं खातं आणि तो तक्ता शेजारी ठेवून विषय निवडा. चुकलेलं कोडं आठवड्यानं पुन्हा सोडवा.

कोड्यांची एक मर्यादा सांगायलाच हवी. कोडं समोर आलं की इथं काहीतरी आहे हे तुम्हाला आधीच माहीत असतं. डावात अशी घंटा कोणी वाजवत नाही. शिवाय कोड्यात बहुतेक वेळा हल्ला आपला असतो, आणि माझ्यासारख्याची चूक तर समोरच्याचा हल्ला न दिसण्याची. म्हणून स्वतःच्या डावांची कोडी करा. लिचेसवर 'अभ्यास' नावाची सोय आहे. त्यात प्रकरणं पाडता येतात, टिपा लिहिता येतात. प्रत्येक मोठ्या चुकीच्या आधीचा पट तिथं एकेक प्रकरण म्हणून साठवा. तीसेक जमले की तुमच्यासाठीच शिवलेलं एक कोड्यांचं पुस्तक तयार होतं. त्यात काही ठिकाणी उत्तर चमकदार नसेल, फक्त 'जी२ राख' एवढंच असेल. तेच हवंय.

ओपनिंगबद्दल थोडक्यात. पांढऱ्यासाठी एक, काळ्यासाठी ई४ ला एक आणि डी४ ला एक उत्तर, एवढं पुरे. पाठांतर नको. प्रत्येक डावानंतर आपण ओळखीच्या वाटेवरून कुठल्या खेळीला उतरलो ते पाहा आणि तिथं काय खेळायला हवं होतं ती एक खेळी लिहून ठेवा. वर्षभरात वाट आपोआप लांब होते.

सहावी पायरी: राजा आणि एक प्यादं

अंतिम डाव रटाळ वाटतो म्हणून लोक टाळतात. मला तो आता सगळ्यात आवडतो, कारण इथं 'मला वाटलं' ला जागा नाही, जे आहे ते मोजून सिद्ध होतं.

पटावर तीनच सोंगट्या मांडा, शक्यतो खऱ्या लाकडी पटावर. पांढरा राजा ई५ वर, त्याच्या मागं प्यादं ई४ वर, काळा राजा ई७ वर. दोन्ही राजे समोरासमोर, मध्ये एक घर. आता खेळी कोणाची यावर सगळं अवलंबून आहे. काळ्याची असेल तर त्याला बाजूला व्हावं लागतं, पांढरा राजा दुसऱ्या बाजूनं पुढं घुसतो आणि प्यादं वजीर होतं. पांढऱ्याची असेल तर बरोबरी.

बरोबरी कशी ते खेळून पाहा. राजा डी५, काळा राजा डी७. प्यादं ई५, काळा ई७. प्यादं ई६, आणि आता काळ्यानं सरळ मागं ई८ वर जायचं. हीच कळीची खेळी. डी८ वर गेला तर हरतो. ई८ वर गेला की पांढरा राजा डी६, काळा डी८, प्यादं ई७ वर येऊन शह, काळा ई८. प्यादं राखायला पांढऱ्याचा राजा ई६ वर आला की स्टेलमेट: काळ्याला शह नाही आणि हलायला घरही नाही.

मग सगळं एक घर वर सरकवा: पांढरा राजा ई६, प्यादं ई५, काळा राजा ई८. आता खेळी कोणाचीही असो, पांढरा जिंकतो. का, ते आधी स्वतः शोधा आणि मग इंजिनसमोर दोन्ही बाजूंनी खेळून पाहा. हे दोन पट हाताला बसले की 'सगळं कापून टाकू' म्हणण्याची हिंमत येते, कारण शेवटी काय उरेल आणि ते जिंकतं की नाही हे माहीत असतं. लिचेसच्या सराव विभागात प्याद्यांचे असे धडे क्रमानं आहेत.

सातवी पायरी: माणूस हवाच

सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळानं जी परंपरा उभी केली तिथं, किंवा कुठल्याही जुन्या बुद्धिबळाच्या खोलीत, डाव संपल्यावरची वेळ पाहण्यासारखी असते. हरलेला आणि जिंकलेला तोच पट पुन्हा मांडून बसतात. 'मला वाटलं तू इथून येशील.' 'अरे, ते मला दिसलंच नाही!' खेळाडू याला पोस्टमॉर्टेम म्हणतात. समोरच्याच्या डोक्यात काय होतं हे कळण्याची ती एकमेव जागा, आणि ऑनलाइन खेळात नेमकी तीच हरवली आहे. डाव संपला की समोरचा गायब.

वरच्या पातळीवरही माणूस लागतोच. २०२४ मध्ये बुडापेस्टच्या बुद्धिबळ ऑलिम्पियाडमध्ये भारताच्या महिला संघानं सुवर्ण जिंकलं तेव्हा संघाचे कर्णधार पुण्याचे ग्रँडमास्टर अभिजित कुंटे होते, आणि तिसऱ्या पटावर नागपूरच्या दिव्या देशमुखनं वैयक्तिक सुवर्णही मिळवलं. पुढच्याच वर्षी, जुलै २०२५ मध्ये, जॉर्जियात बातुमीला कोनेरू हम्पीला हरवून ती महिला विश्वचषक जिंकली आणि त्या विजयानं ग्रँडमास्टर झाली. अशा खेळाडूंजवळ सगळ्यात ताकदवान इंजिनं असतात, तरी शेजारी बसून डाव पाहणारं कोणी तरी त्यांना हवंच असतं.

तुम्हाला सुरुवातीला प्रशिक्षकच हवा असं नाही. आपल्याच ताकदीचा एक मित्र किंवा मैत्रीण शोधा. आठवड्यातून एकदा एकमेकांशी डाव खेळा आणि लगेच फोनवर बोलत तोच डाव पाहा, आधी इंजिनशिवाय. अनोळखी खेळाडूलाही डावानंतर 'डाव बघूया का?' असं लिहायला हरकत नाही. बरेच जण निघून जातात, पण कोणी थांबलं तर मोठा लाभ.

प्रशिक्षकांना डाव पाठवताना नुसती लिंक टाकून 'सर, बघा ना कसा खेळलो' असं लिहू नका. त्यांचाही वेळ जातो आणि तुम्हाला मोघम उत्तर मिळतं. मी असं लिहितो:

'नमस्कार सर. कालचा १५+१० चा डाव, मी काळ्यानं. चौदाव्या खेळीला मी उंट मारू दिला, कारण एच फाइल उघडेल असं वाटलं. इंजिन म्हणतं चूक, पण फाइल उघडूनही हल्ला का चालला नाही हे मला कळत नाही. माझे वीस डाव पाहिले तर अशी घाई चार वेळा झाली आहे. यावर काय सराव करू?'

असा निरोप गेला की उत्तरही तुमच्या खेळाबद्दल येतं, सगळ्यांना लागू पडणारं नाही. प्रशिक्षक निवडतानाही हेच पाहा. ते फक्त खेळ्या सांगतात की 'तुम्ही काय विचार केला?' असं विचारतात? विचारणाऱ्यांकडे जा. पहिल्या तासात तेच जास्त बोलले आणि तुमच्या एकाही डावाला हात लागला नाही, तर दुसरीकडे पाहा.

आठवड्याचा हिशेब

नोकरी-घर सांभाळून मला आठवड्याला चारेक तास मिळतात. मंगळवारी आणि गुरुवारी एकेक मोठा डाव, आणि त्यानंतर अर्धा तास वही. त्याच रात्री, दुसऱ्या दिवशी नाही; सकाळपर्यंत 'मनात काय होतं' ते उडून जातं. आठवड्यात पाच दिवस पंधरा मिनिटं कोडी. रविवारी सकाळी मित्राबरोबर एक डाव आणि त्याचं पोस्टमॉर्टेम, जमलं तर एक अंतिम डावाचा पट. महिन्याच्या शेवटच्या रविवारी खाती मोजायची. यातलं काही कापायची वेळ आली तर डाव कापा, वही नको.

लागोपाठ दोन हरले की त्या दिवशी खेळ बंद. तिसरा डाव रागाचा असतो. रेटिंग महिन्यातून एकदाच पाहा. सुरुवातीला ते पन्नास-साठनं खाली गेलं तर घाबरू नका, प्रत्येक खेळीला 'काय धरलं' विचारायला लागल्यावर पहिले काही आठवडे डोकं जड होतं आणि वेळ पुरत नाही.

चालू डावात इंजिनची मदत घेणं हा गुन्हा तर आहेच, पकडले गेलात की खातंही बंद होतं. पण समजा पकडले गेला नाहीत, तरी त्या डावात तुमची अशी चूकच शिल्लक राहत नाही. मग वहीत लिहिणार काय?

या रविवारी सुरुवात करायची असेल तर नवे डाव खेळू नका. तुमचे शेवटचे दहा हरलेले डाव काढा. इंजिन बंद ठेवा. प्रत्येक डावात जिथं डाव हातातून गेला असं वाटतं ती एक खेळी शोधा, तिचा क्रमांक वहीत लिहा आणि पुढं, तेव्हा मनात काय होतं ते. आठवत नसेल तर ओळ कोरी सोडा. दहापैकी किती ओळी कोऱ्या राहिल्या तो आकडा पानाच्या वर लिहून त्याला गोल करा.